नवजात बाळाच्या दुधाचे प्रमाण

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाला एका वेळी व दिवसभरात किती दूध लागते, त्यास नवजात बाळाच्या दुधाचे प्रमाण असे म्हणतात. हे प्रमाण बाळाचे वय, वजन, गर्भावस्थेचे पूर्ण झालेले आठवडे आणि दूध पाजण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. आईच्या अंगावर पिणाऱ्या निरोगी व पूर्ण दिवसांच्या बाळाचे दूध मापून द्यावे लागत नाही. ते पुरेसे मिळते की नाही, हे लघवीची संख्या व वजनवाढ यांवरून ठरवले जाते. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या तसेच काढलेले किंवा वरचे दूध पिणाऱ्या बाळांसाठी मात्र मिलिलिटरमध्ये हिशेब केला जातो.

जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. महाराष्ट्रात नवजात बाळाच्या पोषणाचे ज्ञान दवाखान्याबाहेर खेड्यांतील स्त्रियांच्या हाती देण्याचे जे महत्त्वाचे प्रयत्न झाले, त्यांतील एक आरंभीचा प्रयत्न अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये सुरू झाला.

पहिल्या दिवसांतील गरज

प्रसूतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस आईला घट्ट, पिवळसर दूध येते. त्याला चीक किंवा चिकाचे दूध म्हणतात. हे दूध प्रमाणाने थोडे असते. पण त्यात प्रथिने, जीवनसत्त्व अ आणि रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. त्यामुळे बाळाचा पहिला काळा, चिकट शौच लवकर बाहेर पडण्यासही मदत होते.

पहिल्या दिवशी बाळाचे जठर लहान असते व ते फारसे ताणले जात नाही. अंगावर पिणाऱ्या पूर्ण दिवसांच्या बाळाच्या पोटात एका वेळी जाणारे दूध साधारणपणे पुढीलप्रमाणे वाढत जाते :

• पहिले २४ तास : २ ते १० मिलिलिटर
• २४ ते ४८ तास : ५ ते १५ मिलिलिटर
• ४८ ते ७२ तास : १५ ते ३० मिलिलिटर
• ७२ ते ९६ तास : ३० ते ६० मिलिलिटर

स्वयंपाकघरातील चहाचा चमचा सुमारे ५ मिलिलिटरचा धरला, तर पहिल्या दिवशी एका वेळी अर्धा ते दोन चमचे दूध बाळाला पुरते. दूध थोडे दिसते म्हणून ते अपुरे आहे, असा निष्कर्ष या काळात काढणे चुकीचे ठरते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास स्तन भरून येतात व दुधाचे प्रमाण वेगाने वाढते. पहिल्या प्रसूतीत, शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीनंतर किंवा आईला मधुमेह असल्यास यास एक-दोन दिवस अधिक लागू शकतात. महिन्याभराचे झालेले, केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाकाठी सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत या प्रमाणात फारसा बदल होत नाही.

दूध कसे वाढते

स्तनातील दुधाची निर्मिती मागणीवर चालते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतील पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते स्तनाग्राकडे वाहते. या दुसऱ्या क्रियेलाच बोलीत पान्हा फुटणे म्हणतात. वेदना, भीती व चिंता यांमुळे पान्हा काही काळ अडखळतो. बाळाला त्वचेशी घेतल्याने तो सुलभ होतो. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते. त्यामुळे रात्रीचे पाजणे बंद केल्यास दूध कमी होण्याची शक्यता असते.

दूध स्तनात साचून राहिले की पुढील निर्मिती मंदावते व स्तन रिकामा झाला की ती वाढते. बाळाला वरचे दूध दिले की ते अंगावर कमी ओढते, कमी ओढल्यामुळे दूध कमी होते आणि दूध कमी झाल्याने वरचे दूध आणखी वाढवावे लागते. अनेक घरांत ‘आईला दूध पुरत नाही’ ही समजूत प्रथम येते आणि दूध प्रत्यक्षात कमी होणे त्यानंतर घडते.

नवजात बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. घड्याळाच्या ठराविक वेळांपेक्षा बाळाच्या भुकेच्या खुणा पाहणे योग्य मानले जाते. तोंड उघडून मान वळवणे, मुठी चोखणे, ओठ चाटणे या आरंभीच्या खुणा होत. रडणे ही भुकेची उशिराची खूण आहे. एका बाजूचे दूध बाळाने आपणहून सोडेपर्यंत पाजून नंतर दुसरी बाजू द्यावी. पाजण्याच्या अखेरीस येणारे दूध अधिक स्निग्ध असल्याने बाजू घाईने बदलल्यास ते बाळाला कमी मिळते. संध्याकाळी तासा-तासाने पिण्याची अनेक बाळांची सवय स्वाभाविक असून केवळ त्यावरून दूध अपुरे असल्याचे सिद्ध होत नाही.

दूध पुरते की नाही हे ओळखणे

अंगावरचे दूध डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आत किती गेले याचे अनुमान बाहेर काय आले व वजन किती वाढले यांवरून करतात.

लघवी : पहिल्या दिवशी किमान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा अशी लघवीची संख्या वाढत जाते. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा, फिकट रंगाची लघवी होणे हे दूध पुरत असल्याचे चिन्ह आहे. बाळाला पाणी पाजले जात असल्यास ही खूण निरुपयोगी ठरते.

शौच : काळा शौच तीन-चार दिवसांत हिरवट व नंतर पिवळा, पातळसर होतो. पाचव्या दिवसानंतरही काळाच शौच होत असल्यास बाळाच्या पोटात दूध कमी जात असण्याची शक्यता असते.

वजन : जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन घटते. जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंतची घट सामान्य समजली जाते. त्याहून अधिक घट झाल्यास पाजण्याची पद्धत तपासतात आणि ती १० टक्क्यांवर गेल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. ३ किलो वजनाच्या बाळात १० टक्के घट म्हणजे ३०० ग्रॅम होय. गेलेले वजन बहुधा १० ते १४ दिवसांत, म्हणजे बारशाच्या सुमारास, भरून येते. त्यानंतर बाळ दररोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढते.

पितानाची लक्षणे : बाळाचे तोंड पूर्ण उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा अंश तोंडात असावा. संथ ओढणे व गिळण्याचा आवाज येणे ही दूध मिळत असल्याची चिन्हे आहेत. पाजताना आईला सतत वेदना होत असल्यास किंवा स्तनाग्रांना चिरा पडत असल्यास बहुतेकदा पकड चुकलेली असते.

केवळ रडण्यावरून अथवा स्तन मऊ लागण्यावरून दूध कमी आहे असे ठरवता येत नाही. काही आठवड्यांनी निर्मिती मागणीशी जुळल्यावर स्तन पूर्वीसारखे ताठ राहत नाहीत.

मापून द्यावयाचे दूध

आईचे काढलेले दूध, दात्या मातेचे दूध किंवा वैद्यकीय सल्ल्याने दिलेले पर्यायी दूध देताना वजनाप्रमाणे हिशेब करतात. सामान्य वजनाच्या बाळासाठी पहिल्या दिवशी दर किलोमागे ६० मिलिलिटर धरून ते प्रमाण रोज सुमारे २० मिलिलिटरने वाढवतात व आठवड्याच्या अखेरीस दर किलोमागे १५० मिलिलिटरपर्यंत नेतात. ३ किलोच्या बाळाला दिवसातून आठ वेळा पाजायचे असल्यास हा हिशेब असा होतो :

• पहिला दिवस : एकूण १८० मिलिलिटर, एका वेळी सुमारे २२
• दुसरा दिवस : एकूण २४० मिलिलिटर, एका वेळी ३०
• तिसरा दिवस : एकूण ३०० मिलिलिटर, एका वेळी सुमारे ३८
• चौथा दिवस : एकूण ३६० मिलिलिटर; एका वेळी ४५
• पाचवा दिवस : एकूण ४२० मिलिलिटर, एका वेळी सुमारे ५२
• सातव्या दिवसापासून : एकूण ४५० मिलिलिटर, एका वेळी सुमारे ५६

पहिल्या दोन-तीन दिवसांचे हे आकडे अंगावर पिणाऱ्या बाळाच्या प्रत्यक्ष प्रमाणापेक्षा मोठे आहेत. त्यामुळे बाटलीचे कोष्टक स्तनपानाला लावल्यास निरोगी आईचे दूधही अपुरे भासते. कोष्टकातील आकडा ही सरासरी असते. बाळाने तोंड फिरवल्यावर उरलेले दूध बळेच पाजू नये.

काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणे बाटलीपेक्षा सुरक्षित मानले जाते. कारण ही भांडी घासून उकळणे सोपे असते. बाटलीच्या बुचात व कानाकोपऱ्यात दूध साचून जंतू वाढतात. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास चांगले राहते. उन्हाळ्यात हा अवधी कमी धरावा लागतो.

कमी वजनाची बाळे

जन्मवेळी २.५ किलोहून कमी वजन असल्यास बाळ कमी वजनाचे मानले जाते. अशा बाळाची चोखण्याची शक्ती कमी असते. ते लवकर थकते व भूक लागूनही रडत नाही. म्हणून त्याच्या मागणीची वाट न पाहता दर दोन तासांनी, रात्रीही उठवून पाजावे लागते. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारणपणे गर्भावस्थेच्या ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, तर फार लवकर जन्मलेल्या बाळाला नळीने आईचेच दूध दिले जाते. १.५ किलोहून कमी वजनाच्या बाळासाठी पहिल्या दिवशी दर किलोमागे ८० मिलिलिटर धरण्याची पद्धत आहे. तथापि, अशा बाळांचा हिशेब रुग्णालयातच केला जातो.

१.८ किलोहून कमी वजनाच्या बाळांना शासकीय रुग्णालयांतील विशेष नवजात शिशू काळजी कक्षात दाखल करण्याचा निकष आहे. बाळाला आईच्या छातीवर उघड्या त्वचेशी बांधून ठेवण्याच्या ‘कांगारू’ पद्धतीमुळे त्याची ऊब टिकते आणि आईचे दूधही वाढते.

वरचे दूध, पाणी आणि गुटी

अहिल्यानगर हा राज्यातील प्रमुख दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक आहे. गोठ्यातील दूध सहज उपलब्ध असल्याने ते नवजात बाळाला देण्याचा मोह ग्रामीण घरांत होतो. मात्र गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट आणि क्षारही बरेच अधिक असतात. बाळाच्या मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येतो. त्यातील लोह फारसे शोषले जात नाही आणि काही बाळांच्या आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्रावही होतो. पाणी घालून दूध पातळ केल्यास ऊर्जा घटते व अस्वच्छ पाण्याचा धोका वाढतो. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व अत्यल्प असते.

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. त्यामुळे कर्जत-जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील कडक उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. पाण्याने पोट भरते, दूध मागे पडते आणि हगवणीची शक्यता वाढते.

जन्मल्याबरोबर मध चाटवणे, गुळाचे पाणी किंवा गुटी देणे आणि चीक पिळून टाकणे या प्रथा महाराष्ट्राच्या अनेक भागांत रूढ होत्या व काही घरांत आजही आढळतात. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. चीक टाकून दिल्याने बाळ सर्वांत संरक्षक दुधाला मुकते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अनुभव

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी जामखेड परिसर दुष्काळी, दळणवळणाच्या दृष्टीने मागास आणि वैद्यकीय सोयींपासून दूर होता. १९७१ मध्ये प्रकल्पक्षेत्रात हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळे एक वर्षाच्या आत दगावत होती.

केवळ रुग्णालय उभारून हे मृत्यू थांबणार नाहीत, हे ओळखून प्रकल्पाने गावाने निवडलेल्या स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून प्रशिक्षण दिले. त्यांपैकी अनेक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित समाजातील होत्या. ठरावीक दिवशी जामखेडला येऊन त्या शिकत व गावी परतून घरोघरी ते ज्ञान पोहोचवत. गरोदर स्त्रीची काळजी, सुरक्षित प्रसूती, स्तनपान, मुलांचे वजन करणे आणि हगवणीवर साखर-मिठाचे पाणी देणे हे त्यांच्या कामाचे भाग होते. मूल वाढते की नाही हे त्यामुळे गावातच कळू लागले. शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्यामुळे पाणी, अन्न आणि जातिभेद या प्रश्नांवरही काम झाले. प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्यूदर १९९० च्या दशकात हजारी ३० च्या खाली आला. या घटीचे श्रेय स्तनपानासह लसीकरण, शुद्ध पाणी, पोषण व प्रसूतीसेवा अशा अनेक उपायांना एकत्रितपणे जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवरील ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाचा समावेश होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जिल्ह्यातील दुसरा प्रश्न हंगामी स्थलांतराचा आहे. पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. पती-पत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पहाटेपासून फडात राबते. तान्हे बाळ पाचटाच्या खोपीत मोठ्या भावंडाकडे राहिल्यास पाजण्यांमधील अंतर वाढते, स्तन रिकामे होत नाहीत व दूध आटू लागते. अशा आईला स्तनपानाचा केवळ उपदेश पुरत नाही. बाळ फडाजवळ ठेवण्याची सोय, पाजण्यासाठी सुटी, सावली व स्वच्छ पाणी मिळाले तरच दिवसाकाठी आठ वेळा पाजणे शक्य होते.

घरोघरी भेटींची पद्धत

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरगुती नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातील प्रशिक्षित स्त्रिया बाळाचे वजन, तापमान, श्वास व दूध पिणे तपासत आणि जंतुसंसर्गावर उपचार करत. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने येथील नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाला.

या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत घरगुती नवजात बालसेवा राबवली जाते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशा भेट देते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जाते. तिच्याजवळच्या वजनकाट्यामुळे दूध पुरते की नाही या घरातील वादाला मोजता येणारे उत्तर मिळते.

मातृदुग्धपेढी आणि कायदा

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांना तपासून व निर्जंतुक करून घेतलेले दात्या मातांचे दूध अशा पेढ्यांतून दिले जाते.

दुधाच्या पर्यायांचे व बाटल्यांचे विपणन रोखण्यासाठी भारतात १९९२ मध्ये कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रलोभने देणे यांवर बंदी आहे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने स्तनपानाच्या प्रसारासाठी ‘माँ’ हा कार्यक्रम सुरू केला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना केवळ आईचे दूध मिळत होते. तीन वर्षांखालील मुलांपैकी जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्यांचे प्रमाण मात्र ४१.८ टक्केच होते.

बाळंतिणीचा आहार

पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला नेहमीपेक्षा दररोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू हे बाळंतिणीचे पारंपरिक पदार्थ या वाढीव गरजेस उपयोगी पडतात. तथापि दूध वाढण्याचा मुख्य उपाय वारंवार व योग्य पकडीने पाजणे हाच आहे. बाळंतिणीचे पाणी तोडण्याच्या प्रथेला शास्त्रीय आधार नाही. तहानेप्रमाणे तिने पाणी प्यावे.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास बाळाला तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते : दूध पिणे बंद करणे किंवा एकाएकी कमी करणे, बाळ सुस्त होणे व उठवूनही न पिणे, आठ तासांहून अधिक काळ लघवी न होणे, ताप येणे किंवा अंग थंड पडणे, श्वास जलद होणे किंवा छाती आत ओढली जाणे, हिरवी उलटी, झटके, पहिल्या २४ तासांत दिसणारी अथवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ. चांगले पिणारे बाळ पिणे सोडते, हे नवजात बाळाच्या गंभीर आजाराचे सर्वांत लवकर दिसणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे. अशा वेळी दुधाचे प्रमाण बदलून पाहण्यात वेळ घालवणे धोक्याचे ठरते.